रायफलीच्या नळीची निगा

आश्विन शुद्ध नवमीला, म्हणजे खंडेनवमीला, शस्त्रे पूजण्याची चाल मराठी मुलखात फार जुनी आहे. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे येथे संस्थानी काळात तो राजवाड्यातील समारंभ असे; पलटणींतून आजही दसऱ्याच्या दिवसांत रायफली ओळीने मांडून त्यांना गंधफूल वाहिले जाते. पूजेला मांडलेली रायफल बाहेरून निर्मळ असते. दस्त्याच्या लाकडाला तेल दिलेले असते, पितळ घासून लखलखीत केलेले असते. परंतु रायफलीचे आयुष्य ज्या भागावर अवलंबून असते तो भाग पूजा करणाऱ्याला दिसत नाही. तो भाग म्हणजे नळीचे अंतरंग. बाहेरून झळकणाऱ्या कित्येक रायफली आतून गंजून गेलेल्या आढळतात, आणि त्यांतील पुष्कळ रायफलींचा नाश गोळ्या झाडल्यामुळे झालेला नसतो. बार झाल्यानंतर जे करावयाचे ते न केल्यामुळे, किंवा चुकीच्या समजुतीने केल्यामुळे तो ओढवलेला असतो. नळी साफ करणे हे हलके काम समजले जाते. त्यामागे रसायनशास्त्रातील एक कोडे दडलेले आहे, आणि ते सुटण्यास विसावे शतक उजाडावे लागले, ही गोष्ट मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

नळी म्हणजे पोलादाची एक साधी पोकळ दांडी, अशी सामान्य कल्पना असते. ती खरी नाही. भारतात ‘थ्री-नॉट-थ्री’ या नावाने पिढ्यान्पिढ्या ओळखली गेलेली ली-एनफील्ड रायफल उदाहरणादाखल घेऊ. बंगालमधील इशापूरच्या कारखान्यात ती बनत असे. तिच्या नळीची लांबी २५.२ इंच, म्हणजे सुमारे ६४ सेंटिमीटर, आणि आतील व्यास .३०३ इंच, म्हणजे ७.७ मिलिमीटर. या व्यासावरूनच तिला ते नाव पडले. नळीच्या आतील भिंतीवर पाच खाचा कोरलेल्या असतात. स्क्रूच्या आट्यांप्रमाणे त्या वळत वळत तोंडापर्यंत जातात व दर १० इंचांत एक फेरा पूर्ण करतात. या खाचांची खोली दोन-तीन केसांच्या जाडीएवढीच असते. पण गोळीला गरगर फिरविण्याचे काम त्यांचेच. नळीतून बाहेर पडताना गोळीचा वेग सेकंदाला सुमारे २,४४० फूट असतो, आणि त्या क्षणी ती सेकंदाला जवळजवळ २,९०० फेरे या गतीने स्वतःभोवती फिरत असते. फिरता भोवरा जसा आपल्या आरेवर उभा राहतो, तशी ही फिरती गोळी आपले नाक पुढे ठेवून सरळ जाते. खाचांच्या कडा बोथटल्या, त्यांत गंजाचे खड्डे पडले, की गोळीला फिरकी नीट मिळत नाही आणि नेम कितीही चांगला असला तरी गोळी भरकटते. दोन-तीन केसांच्या जाडीवर साऱ्या रायफलीची अब्रू अवलंबून असते, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

या नाजूक खाचांचे शत्रू कोणते, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत बंदुकीत काळी दारू वापरीत. सोरा, गंधक आणि कोळसा हे तिचे तीन घटक. त्यांचे प्रमाण साधारणतः शंभर भागांत ७५, १० व १५ असे असे. ही दारू पूर्णपणे जळून वायुरूप होत नाही. तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन स्वरूपात मागे राहतो. काही धुरावाटे उडून जातो आणि उरलेल्याची काळी, खरखरीत कीट नळीला आतून चिकटते. दहा-वीस बार झाले की कीट एवढी साचते की पुढील गोळी नळीत ठासून बसविणे दुरापास्त होते. १८५७ साली ज्या एनफील्ड रायफलीच्या काडतुसांवरून हिंदुस्थानात वणवा पेटला, त्या काडतुसांना चरबी लावण्याचे कारण हेच होते. तोंडाकडून गोळी ठासताना ती किटलेल्या नळीतून सहज उतरावी आणि कीट मऊ राहावी, यासाठी काडतुसाच्या कागदाला वंगण दिलेले असे. चरबी कोणत्या प्राण्याची, हा प्रश्न इतिहासात गाजला. ती कशासाठी, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. त्याचे उत्तर नळीच्या अस्वच्छतेत आहे.

काळ्या दारूची कीट दिसावयास ओंगळ, पण तिच्यात एक गुण होता. ती पाण्यात विरघळे. म्हणून त्या काळचा शिपाई बार संपल्यावर नळीत पाणी ओतून ती खळखळून धुई, कोरडी करी आणि मग तेलाचा हात देई. ठासणीची बंदूक बाळगणारा शेतकरीही हेच करीत आला आहे. पाण्याने लोखंड गंजते हे त्या शिपायाला ठाऊक नव्हते असे नाही. पण पाणी न वापरल्यास ते अधिक गंजते हे त्याने अनुभवाने जाणले होते.

पुढे बिनधुराच्या दारूचा शोध लागला. १८८९ मध्ये ब्रिटनमध्ये फ्रेडरिक एबल आणि जेम्स ड्यूअर या शास्त्रज्ञांनी ‘कॉर्डाइट’ ही दारू तयार केली. नायट्रोग्लिसरीन आणि गनकॉटन यांच्या मिश्रणात शेकडा ५ व्हॅसलीन घालून तिच्या दोऱ्यासारख्या कांड्या करीत. हे व्हॅसलीन प्रथम घातले गेले ते नळीला आतून वंगण मिळावे म्हणून; त्यामुळे दारू साठवणीत अधिक टिकते हा त्याचा खरा उपयोग मागाहून ध्यानात आला. पुढे भारतातही निलगिरीतील अरुवंकाडू येथे कॉर्डाइटचा कारखाना उभा राहिला.

कॉर्डाइटने धूर घालविला, पण दोन नवी संकटे आणली. पहिले संकट उष्णतेचे. विल्यम मेटफर्ड याने काळ्या दारूची कीट साचू नये म्हणून उथळ व गोलसर कडांच्या खाचा योजल्या होत्या. १८८८ च्या ली-मेटफर्ड रायफलीत त्या होत्या. परंतु कॉर्डाइटच्या प्रखर ज्वालेपुढे त्या टिकेनात. काही हजार बारांतच झिजून सपाट होऊ लागल्या. म्हणून १८९५ मध्ये अधिक खोल व ठसठशीत कडांच्या एनफील्ड खाचा आल्या आणि रायफलीचे नाव ली-एनफील्ड झाले. उष्णतेने होणारी ही झीज साफसफाईने थांबविता येत नाही. तो नळीच्या आयुष्याचा खर्चच आहे; दिवा जळतो तसे तेल संपणारच.

दुसरे संकट अधिक फसवे होते. कॉर्डाइट जळल्यावर नळीत फारशी कीट राहत नसे. एक चिंधी फिरविली की आतील पोलाद आरशासारखे चमके. तेव्हा पाण्याने धुण्याची कटकट आता कशाला, असा विचार अनेकांच्या मनात येणे स्वाभाविक होते. नळी कोरडी पुसावी, तेल लावावे आणि रायफल ठेवून द्यावी, अशी सोपी रीत पडली. पण चार-आठ दिवसांनी तीच नळी पाहावी तो आत लालसर तांब चढलेली! पुन्हा पुसावी, पुन्हा तेल द्यावे. आणखी काही दिवसांनी पुन्हा तेच. नळीला घाम फुटतो, असे जुने शिपाई म्हणत. कोणी म्हणे नव्या दारूतील आम्ल पोलादाच्या छिद्रांत शिरून बसते आणि हळूहळू बाहेर येते. कोणी तेलाला दोष देई, कोणी पोलादाला. तऱ्हेतऱ्हेची तेले निघाली, आम्ल मारण्यासाठी सोडा वापरून झाला. पण रोगाचे निदानच चुकले असल्याने औषध लागू पडेना.

हे कोडे १९२० च्या सुमारास उलगडले. अमेरिकेच्या सरकारी खाण-विभागातील विल्बर्ट हफ या रसायनज्ञाने तेलाच्या थराखाली गंज कसा चढतो याचा अभ्यास केला. त्याला आढळले की दोष दारूचा नाही. दोष काडतुसाच्या बुडाशी बसविलेल्या टोपीचा आहे. रायफलीचा आघाती खिळा या टोपीवर आदळतो, टोपीतील स्फोटक पेटते आणि त्याची ठिणगी दारूला लागते. त्या काळच्या टोप्यांत पोटॅशियम क्लोरेट हा क्षार असे. ज्वलनासाठी लागणारा ऑक्सिजन तो पुरवितो. ऑक्सिजन देऊन झाला की मागे उरते पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातील मिठाचे सख्खे भावंड. हे मीठ दर बाराबरोबर नळीच्या भिंतीवर फवारले जाते. त्याचे प्रमाण चिमटीतही येणार नाही इतके अल्प असते, पण ते सर्वत्र पसरलेले असते आणि डोळ्यांना दिसत नाही.

आता या मिठाचे दोन गुणधर्म ध्यानात घेतले म्हणजे सारे रहस्य उघड होते. पहिला हा की मीठ तेलात विरघळत नाही. तेलाच्या चिंधीने ते निघत नाही. उलट त्यावर तेलाचे पांघरूण मात्र पडते. दुसरा गुणधर्म असा की ते हवेतील ओल शोषून घेते. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाझर फुटतो हे कोणत्याही गृहिणीला सांगावयास नको. नळीतील मिठाचेही तेच होते. ते ओल ओढते, त्याचे खारे पाणी होते आणि खाऱ्या पाण्याइतका पोलादाचा दुसरा वैरी नाही. वर तेल असले तरी ओल त्यातून हळूहळू खाली उतरतेच. लोणच्यावर तेलाचा थर असतो म्हणून ते टिकते हे खरे. पण ओला डाव आधीच बुडवून ठेवला असेल, तर वरून कितीही तेल ओतले तरी बुरशी चुकत नाही. नळीचे नेमके असेच होई.

यावरून आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. काळ्या दारूच्या काळातही टोप्यांत हा क्षार असेच. पण त्या काळचा शिपाई कीट काढण्यासाठी नळी पाण्याने धुई आणि नकळत मीठही धुऊन टाकी. नव्या दारूने कीट नाहीशी केली, तशी धुण्याची गरज सरली असे वाटले आणि मीठ मागे राहिले. जुनी रीत का होती हे न उमगता ती मोडली, म्हणजे काय होते याचा हा बोलका दाखला आहे. ब्रिटिश फौजेने व तिच्या मागोमाग भारतीय फौजेने उकळत्या पाण्याची रीत नियमांत राखली, यात अनुभवाचे शहाणपण होते.

हवामानाचा या साऱ्याशी निकट संबंध आहे. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ८४ टक्क्यांवर गेली की पोटॅशियम क्लोराइड आपोआप ओले होऊन पाझरू लागते. ग्वाल्हेरच्या किंवा हैदराबादच्या वैशाखात हवा इतकी कोरडी असते की न धुतलेली नळीही आठवडेच्या आठवडे निर्धोक दिसते. धन्याला वाटते, आपली सफाई उत्तम झाली. मग मृगाची पहिली सर येते आणि इतके दिवस निजलेले मीठ जागे होते. गोव्यात आणि बेळगावच्या पश्चिमेकडील घाटमाथ्यावर तर पावसाळ्याचे चार महिने हवा त्या मर्यादेच्या पलीकडे जाणे नित्याचेच आहे. तेथे बार झाल्यावर एक रात्रही नळी तशीच राहू देणे म्हणजे गंजाला आवतण देण्यासारखे होय.

कारण कळले म्हणजे रीत समजण्यास अवघड राहत नाही. ही रीत लष्करात, पोलिसांत आणि राष्ट्रीय छात्रसेनेच्या तुकड्यांत वर्षानुवर्षे शिकविली गेली आहे. तिची पहिली पायरी सफाईची नसून सुरक्षिततेची आहे. रायफल मोकळ्या, निर्धोक दिशेकडे रोखून ती रिकामी करावी. मॅगझिन काढून घ्यावे, बोल्ट मागे ओढून काडतुसाचे घर डोळ्यांनी पाहावे आणि अंधार असल्यास बोटाने चाचपावे. ‘रिकामीच होती’ अशा समजुतीने हाताळलेल्या बंदुकीने घरोघरी घात केले आहेत. ज्या खोलीत सफाई करावयाची त्या खोलीत काडतूस ठेवूच नये.

मग बोल्ट काढून घ्यावा. थ्री-नॉट-थ्रीच्या दस्त्यात पितळी झाकणाखाली एक खण असतो. त्यात तेलाची कुपी आणि ‘पुल-थ्रू’ ठेवलेले असते. पुल-थ्रू म्हणजे एक बळकट दोरी. तिच्या एका टोकाला पितळेचे वजन असते आणि दुसऱ्या टोकाकडे तीन फासे असतात. वजनाकडून मोजता पहिला फासा तारेच्या जाळीसाठी, दुसरा फडक्यासाठी आणि तिसरा, फडके मध्येच अडकल्यास उलट ओढून काढण्यासाठी. फडके फलालीचे असते. शिपायांच्या बोलीत ती ‘चिंदी’. कोरड्या सफाईसाठी ती चार इंच लांब व दोन इंच रुंद घेतात. तेल देण्यासाठी रुंदी थोडी कमी, दीड इंच. हे माप उगाच ठरविलेले नाही. चिंदी सैल असेल तर खाचांच्या तळापर्यंत पोचत नाही, आणि जाड असेल तर नळीत रुतून दोरी तुटते. तशी ती रुतली तर गज घालून ठोकठाक करण्याचा मोह टाळावा आणि रायफल आर्मररकडे द्यावी.

वजन नेहमी मागच्या बाजूने, म्हणजे काडतुसाच्या घरातून आत सोडावे. ते तोंडाकडून बाहेर आले की दोरी एका दमात, सरळ रेषेत ओढावी. मागून पुढे ओढल्याने मळ तोंडाबाहेर पडतो, बोल्टच्या यंत्रात साचत नाही. मध्येच थांबल्यास त्या जागी मळाचे कडे राहते.

बार झाल्यानंतर मात्र केवळ चिंदीवर भागत नाही. तेथे उकळते पाणी हवे. रायफलीचे तोंड खाली करून काडतुसाच्या घरात नरसाळे बसवावे आणि किटलीतील उकळते पाणी दोन-तीन लीटरपर्यंत नळीतून वाहू द्यावे. नरसाळे घट्ट बसविण्याचे कारण असे की पाणी लाकडाखाली व यंत्रात शिरता कामा नये. गार पाण्यानेही मीठ विरघळते. पण उकळत्या पाण्याचा दुहेरी फायदा असा की त्याने नळी तापते आणि तापलेली नळी आपली ओल आपणच सुकविते. नळी हाताला चटका देईल इतकी तापली म्हणजे धुणे पुरेसे झाले असे समजावे. मग कोरड्या चिंद्या एकामागून एक फिरवाव्यात. शेवटची चिंदी स्वच्छ आणि कोरडी बाहेर आली की तेलाची चिंदी फिरवावी. तेलाचे काम आता सुरू होते. मीठ गेलेल्या पोलादावर तेल खरे राखण करते. बोल्टचे पुढचे तोंडही विसरता कामा नये, कारण टोपीची राख तेथेही उडालेली असते.

काम येथे संपत नाही. पुढील तीन-चार दिवस रोज नळी पुसून पुन्हा पाहावी आणि पुन्हा तेल द्यावे, असा नियम आहे. पाहताना नळीच्या मागील टोकाशी पांढरा कागद किंवा आरसा धरून तोंडाकडून प्रकाशात डोकवावे. अर्थात त्यापूर्वी बोल्ट काढलेला असलाच पाहिजे. काळे ठिपके दिसले तर ते मळाचे की खड्ड्यांचे हे ओळखता आले पाहिजे. मळ पुसला जातो. खड्डा कायमचा असतो. गंज पुसून काढता येतो, पण गंजाने खाल्लेले पोलाद कोणत्याही उपायाने परत येत नाही. शिवाय खड्ड्यांत पुढच्या वेळी मीठ अधिक घट्ट दडून बसते.

नळीत आणखी एक थर जमतो. तो धातूचा. गोळीचे शिसे तांब्या-निकेलच्या किंवा तांब्या-जस्ताच्या पातळ कवचात असते. वेगाने जाताना या कवचाचा अंश खाचांना चिकटतो. तो पाण्यानेही जात नाही आणि तेलानेही जात नाही. जुन्या लष्करी रीतीत यासाठी पुल-थ्रूच्या पहिल्या फाशात तारेची जाळी अडकवून, तिला तेल लावून ती फिरवीत. आता अमोनियायुक्त द्रावणे मिळतात. ती तांबे विरघळवितात आणि चिंदीवर निळसर डाग उमटला की तांबे निघत आहे हे समजते. पण तेज द्रावण नळीत फार काळ राहू दिल्यास पोलादालाच बाधते. म्हणून ते ठरलेल्या वेळेत पुसून काढून लगेच तेल देणे अगत्याचे असते.

येथवर आळसाने होणारी हानी सांगितली. अतिउत्साहाने होणारी हानीही तितकीच खरी आहे. दोरी तिरकी ओढण्याची सवय असली तर ती नळीच्या तोंडाच्या कडेवर घासते. दोरी सुताची आणि नळी पोलादाची, तेव्हा काय बिघडणार, असे वाटते. परंतु दोरीला चिकटलेली धूळ आणि कीट कानशीसारखे काम करते. विहिरीच्या काठच्या दगडावर दोरखंडाने घळ पडते तशीच येथेही पडते. नळीच्या तोंडाची कड ही गोळीला स्पर्श करणारी शेवटची जागा होय. ती एका बाजूला झिजली तर गोळीमागचा वायू सर्व बाजूंनी सारखा सुटत नाही, एका अंगाने आधी निसटतो आणि गोळीला अखेरच्या क्षणी धक्का देतो. तोंडाकडून लोखंडी गज घालून घासणाऱ्यांच्या हातूनही हेच घडते. तारेची जाळी रोज फिरविणेही असेच घातक. ती औषधासारखी, गरजेपुरतीच वापरावयाची.

सफाईचा आणखी एक प्रसंग बार काढण्यापूर्वीचा. साठवणीसाठी दिलेले तेल त्या वेळी पूर्णपणे पुसून काढावे लागते. नळीत तेल असता झाडलेली पहिली गोळी नेहमीच्या जागी लागत नाही. काडतुसाच्या घरात तेल असल्यास बार होताना पितळी नळकांडे भिंतीला घट्ट धरून न राहता मागे रेटते आणि बोल्टवर अधिक ताण येतो. विसरलेली चिंदी, माती किंवा तोंडाशी अडकलेला चिखल यांचा धोका तर याहून भयंकर. पुढे अडथळा आणि मागे स्फोटाचा रेटा, यांच्या कात्रीत नळी फुगते आणि प्रसंगी फुटते. म्हणून बार काढण्यापूर्वी रिकाम्या नळीतून उजेड पाहण्याची शिस्त आहे. ती पाळण्यास क्षणभर पुरतो. न पाळल्यास हात किंवा डोळा गमवावा लागतो.

शस्त्र नवे आले म्हणजे ही सारी यातायात संपेल, अशी आशा प्रत्येक पिढीला वाटत आली आहे. तिचा एक दारुण अनुभव व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेच्या फौजेला आला. १९६५ च्या सुमारास तेथे एम-१६ ही नवी रायफल मोठ्या संख्येने सैनिकांच्या हाती पडली. तिला फारशी सफाई लागत नाही असा बोलबाला झाला होता. सफाईचे साहित्यही पुरेसे दिले गेले नव्हते. काडतुसातील दारू मध्यंतरी बदलली गेली, आणि काडतुसाच्या घराला क्रोमचा मुलामा नव्हता. दमट जंगलात त्या घराला गंज चढला, कीट साचली आणि झाडलेले नळकांडे आतच अडकू लागले. शत्रू समोर असताना सैनिकांना तोंडाकडून गज घालून ते ढकलून काढावे लागे. रायफल अडकल्यामुळे माणसे प्राणास मुकली. १९६७ साली अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या एका समितीने या प्रकरणाची चौकशी करून कडक ताशेरे ओढले. त्यानंतर क्रोमचा मुलामा आला, सफाईचे साहित्य आले, आणि विल आयस्नर या नामवंत चित्रकाराकडून सफाईची सचित्र पुस्तिका काढवून ती सैनिकांच्या हाती देण्यात आली. एका चिंधीची आणि गजाची किंमत किती असते, हे त्या फौजेला फार महाग पडून कळले.

आज परिस्थिती पुष्कळ बदलली आहे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत आणि अमेरिकेत क्लोरेटविरहित टोप्या निघाल्या, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांचा प्रसार सर्वत्र झाला. अनेक लष्करी रायफलींच्या नळ्यांना आतून क्रोमचा मुलामा असतो. थ्री-नॉट-थ्रीही बहुतेक ठिकाणी निवृत्त झाली. उत्तर प्रदेशाच्या पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताकदिनी तिला समारंभपूर्वक निरोप दिला. तरीही जुन्या साठ्यातील लष्करी काडतुसे जगात अजून झाडली जातात आणि त्यांच्या टोप्यांतील मीठ पूर्वीइतकेच खारे आहे. नव्या काडतुसांनी मीठ मागे ठेवले नाही तरी ओल, धूळ आणि तांब्याचा थर चुकलेला नाही. क्रोमचा मुलामाही अक्षय नसतो. उकळत्या पाण्याची गरज कमी झाली. पुसून, पाहून, पुन्हा पाहण्याची गरज कमी झालेली नाही.

चमकते ते स्वच्छ, ही समजूत या एका वस्तूच्या बाबतीत कशी फसवी ठरली, हे नळीचा इतिहास सांगतो. आरशासारख्या चमकणाऱ्या पोलादावरच ते अदृश्य मीठ बसलेले होते, आणि ज्या तेलाला रक्षक मानले तेच त्याच्यावर पांघरूण घालीत होते. खंडेनवमीला रायफलीवर वाहिलेले झेंडूचे फूल दुसऱ्या दिवशी सुकून जाते. नळीच्या निगेला मुहूर्त नाही; ज्या संध्याकाळी बार झाला असेल तीच तिची वेळ, मग चुलीवरची किटली चहासाठी चढविण्याआधी रायफलीसाठी चढवावी लागली तरी हरकत नाही.